कथेतल्या स्नायपरचा नेम कसा तपासायचा: कोकण किनाऱ्यावरचा एक प्रसंग घेऊन, टप्प्याटप्प्याने

दिवाळी अंकातली रहस्यकथा असो की मोबाइलवर बघितलेली सिरीज, नायकाने दुर्बिणीची रायफल खांद्याला लावली की वाचकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, "हे शक्यच नाही." दुसरा लगेच विक्रम काढतो: २००९ साली अफगाणिस्तानात क्रेग हॅरिसन या ब्रिटिश सैनिकाने २,४७५ मीटरवर नेम साधला, मग आपल्या नायकाला ६०० मीटर काय जड? पण हॅरिसनला अंदाज घेण्यासाठी आधी गोळ्या झाडाव्या लागल्या होत्या. आणि समोर माणसाएवढं लक्ष्य असताना जे जमलं ते बोटाएवढ्या दोरावर जमेल, असंही नाही. मुळात "शक्य की अशक्य" हा प्रश्नच चुकीचा. विचारायचं ते असं: या प्रसंगात, या वाऱ्यात, पहिल्या गोळीला शंभरात किती वेळा लागेल?

बहुतेकांचा हिशेब चुकतो तो गणित येत नाही म्हणून नव्हे. आकडे हाती येण्याआधीच ते कॅल्क्युलेटर उघडतात आणि टप्प्यांचा क्रम उलटा करतात, म्हणून चुकतो. तेव्हा क्रमानेच जाऊ.

उदाहरणासाठी मी एक उतारा रचला आहे. असे उतारे तुम्ही ढिगाने वाचले असतील (सडा म्हणजे कोकणातलं कातळाचं पठार, तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या):

"मे महिना. संध्याकाळचे साडेपाच. सड्याच्या टोकावर तो पालथा पडला होता. खाली खाडीच्या तोंडाबाहेर, सहाशे मीटरवर, ट्रॉलर नांगर टाकून उभा. समुद्रावरून खारं वारं भणाणत होतं. डेकवरच्या डोलकाठीला टांगलेली पेटी हळूहळू खाली येत होती. त्याने वारा जोखला, पृथ्वीचं फिरणं हिशेबात घेतलं, श्वास रोखला आणि घोडा दाबला. आवाज ऐकताच तांडेल खाली वाकला. त्याच क्षणी दोर तुटला आणि पेटी पाण्यात गेली."

तयारी: हाताशी काय हवं

कागद-पेन, मोजपट्टी असलेला नकाशा (मोबाइलवरचा चालेल), एखादा फुकट बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर (गोळीचा मार्ग काढून देणारा) आणि नॉर्मल वितरणाचा तक्ता (चूक किती वेळा किती मोठी होते ते सांगणारा) किंवा एक्सेल. कॅल्क्युलेटर म्हणून जेबीएम बॅलिस्टिक्स या संकेतस्थळाचं जुनं वेबपान पुरेसं आहे. दिसायला साधं आहे, पण आकडे लपवत नाही.

एकक आधीच ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मी मीटर, सेकंद आणि मीटर प्रति सेकंद वापरतो. परदेशी तक्त्यांत यार्ड, फूट आणि मैल प्रति तास असतात. बोटीचा वेग नॉटमध्ये येतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. कोनासाठी दोन मापं चालतात. एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटीमीटर. एक मिनिट (कोनाचं, वेळेचं नव्हे), म्हणजे एमओए, १०० मीटरवर २.९ सेंटीमीटर.

सावधान: गोळीचं वजन ग्रेनमध्ये असतं, ग्रॅममध्ये नव्हे. १७५ ग्रेन म्हणजे साधारण ११.३ ग्रॅम. १७५ ग्रॅमची गोळी रायफलीतून उडवणारे नायक मराठीत छापून आलेले आहेत.

१. उताऱ्यातून फक्त लिहिलेलंच उचला

कागदावर दोन रकाने करा. डावीकडे लेखकाने प्रत्यक्ष सांगितलेलं: मे, साडेपाच, ६०० मीटर, नांगरलेला ट्रॉलर, टांगलेला दोर, समुद्रावरून वारा. उजवीकडे त्याने न सांगितलेलं: रायफल, गोळी, सड्याची उंची, वाऱ्याचा वेग आणि दिशा, दोराची जाडी.

उजवा रकाना डाव्यापेक्षा मोठा निघतो आणि निघायलाच हवा. आपल्या मनातलं चित्र डाव्या रकान्यात शिरतं, इथेच पहिली गफलत होते. "भणाणणारं वारं" हा आकडा नव्हे. त्याचा आकडा पुढे काढू, पण तो आपला अंदाज आहे हे कागदावर दिसत राहिलं पाहिजे.

पडताळा: डाव्या रकान्यातल्या प्रत्येक नोंदीसमोर उताऱ्यातला शब्द लिहिता येतो का? येत नसेल तर नोंद उजवीकडे सरकवा.

२. जागा आणि वेळ आपसात जुळतात का

हा टप्पा लोक गाळतात, आणि निम्म्या कथा इथेच अडकतात.

महिना बघा. जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत खाडीबाहेर निवांत नांगरलेला ट्रॉलर दाखवला असेल तर त्याचं कारण कथेत यायला हवं. आपल्या उताऱ्यात मे आहे, म्हणजे ठीक.

सूर्य बघा. कोकणात समुद्राकडे बघणं म्हणजे पश्चिमेकडे बघणं. मे महिन्यात साडेपाचला सूर्य क्षितिजापासून वीसेक अंशांवर असतो आणि पाणी चांदीच्या पत्र्यासारखं लखलखत असतं. दुर्बिणीतून त्या लखलखाटात काळपट दोर शोधणं हे एक संकट. दुसरं असं की सूर्य थेट दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर असतो, त्यामुळे भिंग चमकून डेकवरून दिसू शकतं. लेखकाला संध्याकाळ हवीहवीशी वाटते ती रंगांसाठी. निशाणबाजाला मात्र सूर्य पाठीशी हवा, म्हणजे सकाळ हवी.

उंची बघा. रत्नागिरी-राजापूरच्या पट्ट्यात सडे समुद्रालगत उठतात. मी इथे ८० मीटर धरतो. खऱ्या गावाचं नाव दिलेलं असेल तर नकाशावरून उंची आणि अंतर दोन्ही मोजा. कथेतले ६०० मीटर नकाशावर दीड किलोमीटर निघणं ही अगदी रोजची गोष्ट आहे.

३. रायफल आणि गोळी ठरवा

कथेत नुसतं "स्नायपर रायफल" लिहिलं असेल तर काळ आणि पात्र बघून निवडा. भारतीय लष्करात ड्रॅगुनोव्ह बरीच वर्षं वापरात आहे: ७.६२×५४ मिलिमीटरचं काडतूस, नळीच्या तोंडाशी साधारण ८३० मीटर प्रति सेकंद वेग, चारपट दुर्बीण. अलीकडच्या काळातली कथा असेल तर .३३८ लापुआ मॅग्नमची साको टीआरजी-४२ घेता येते. ती नियंत्रण रेषेवरच्या तुकड्यांना २०२२च्या सुमारास मिळाली. आपला नायक निवृत्त सैनिक धरू आणि त्याच्या हातात ७.६२×५१ नाटो काडतुसाची बोल्टची रायफल देऊ. १७५ ग्रेनची मॅच, म्हणजे नेमबाजी स्पर्धेच्या दर्जाची, गोळी, तोंडाशी वेग ७९० मीटर प्रति सेकंद, रायफल १०० मीटरला झिरो केलेली, म्हणजे तिथे नेम धरला त्याच बिंदूवर गोळी लागेल अशी जुळवलेली. ती त्याच्याकडे कोणत्या परवान्यावर आली हे लेखकाने बघावं.

आता सर्वांत जास्त नडणारा आकडा: बॅलिस्टिक कोएफिशंट. गोळी हवेचा रोध किती चांगला कापते त्याचं हे माप; आकडा मोठा तितका वेग कमी घटतो. तो दोन पद्धतींनी छापलेला असतो, जी-१ आणि जी-७. याच गोळीचा जी-१ साधारण ०.५०५ आहे आणि जी-७ साधारण ०.२४३.

सावधान: कॅल्क्युलेटरवर जी-७ निवडून तिथे ०.५०५ टाकलंत तर गोळी वेग गमावायचं विसरूनच जाते. वारा निम्म्याहून कमी ढकलतो, घसरण कमी दिसते आणि नायक उगाच पास होतो. "मी हिशेब केला, जमतंय" म्हणणाऱ्याकडे आधी हा रकाना मागून घ्या.

४. हवा भरा

दमट हवा "जड" असते आणि गोळीला अडवते, असं कोकणात कुणालाही पटकन पटतं. मे महिन्यात शर्ट अंगाला चिकटला की पटायलाच हवं. भौतिकशास्त्र उलट सांगतं. पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो, म्हणून त्याच तापमानाला आणि दाबाला दमट हवा कोरड्या हवेपेक्षा विरळ असते.

आकड्यांत बघा. प्रमाण हवेची घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर. समुद्रसपाटीला ३३ अंश सेल्सिअस आणि १,००५ हेक्टोपास्कल दाब असताना कोरडी हवा १.१४ वर येते. त्यात ७५ टक्के आर्द्रता घातली की १.१३. म्हणजे उतरण आठ टक्क्यांची, त्यातला मोठा वाटा उष्णतेचा आणि दमटपणाचा जेमतेम दीड टक्का. ६०० मीटरवर या सगळ्याचा परिणाम घसरणीत साधारण दहा सेंटीमीटरचा.

दाबाच्या रकान्यात आणखी एक खोच आहे. हवामानाच्या बातमीत येणारा दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. सड्यावर फारसा फरक पडत नाही. पण हाच प्रसंग आंबोलीला, सुमारे ७०० मीटर उंचीवर, नेलात तर प्रत्यक्ष तिथला दाब भरा. तो भरल्यावर उंची पुन्हा भरू नका, नाहीतर हवा दोनदा विरळ होते.

आणि काडतुसं उन्हात तापलेल्या कातळावर पडलेली असतील तर दारू तापून तोंडाचा वेग थोडा वाढतो. कसलेला नायक ती सावलीत ठेवतो. लेखकाने हे लिहिलं असेल तर त्याला मनातल्या मनात एक मार्क द्या.

५. घसरण आणि प्रवासकाळ

कॅल्क्युलेटर इथे उघडायचा, आधी नाही. वरची हवा, वरची गोळी आणि ६०० मीटर भरले की साधारण हे मिळतं:

प्रवासकाळ ०.९६ सेकंद.
झिरोच्या रेषेपासून घसरण ३.२ मीटर, म्हणजे ५.३ मिलच्या आसपास.
शेवटी गोळीचा वेग पावणेपाचशे मीटर प्रति सेकंदांच्या घरात, म्हणजे अजूनही आवाजाच्या पुढे.

३.२ मीटर ऐकून घाबरू नका. ही घसरण माहीत असते, दुर्बिणीचं चाक फिरवून ती भरून काढतात. तिचा उपयोग वेगळाच आहे: अंतराचा अंदाज चुकला तर काय होईल ते तिच्यावरून कळतं. ६०० मीटरजवळ अंतर १० मीटर चुकलं तर, चाक फिरवून झाल्यावरही, गोळी साधारण ९ सेंटीमीटर वर किंवा खाली लागते. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात चौकट करून लिहा, पुढे लागणार आहे.

नायक दुर्बिणीतल्या खुणांनी अंतर काढतो असं असेल तर तेही तपासा. सूत्र सोपं आहे: लक्ष्याची उंची मीटरमध्ये, गुणिले हजार, भागिले दिसलेले मिल. डेकवरचा माणूस १.६ मीटरचा असताना नायकाने १.७ धरला तर ६००चे ६३८ होतात आणि गोळी पस्तीसेक सेंटीमीटर वरून जाते. लेझरने अंतर मोजलं असेल तर ही चूक जवळजवळ मिटते, पण उन्हात लखलखणाऱ्या पाण्यावर लेझरही कधी बोटीऐवजी मागचंपुढचं काही उचलतो.

खाली रोखून मारताना अंतर कमी धरायचं, हे बऱ्याच लेखकांना माहीत असतं आणि ते त्याचा बडेजाव करतात. ८० मीटर उंची आणि ६०० मीटर तिरकं अंतर म्हणजे कोन पावणेआठ अंश. आडवं अंतर निघतं ५९५ मीटर. फरक हाताच्या पंज्यापेक्षा कमी. सह्याद्रीच्या कड्यावरून ४५ अंशांत मारायचं असतं तर ६००चे ४२४ झाले असते. तिथे मात्र हा मुद्दा गंभीर होतो.

पडताळा: प्रवासकाळ नेहमी "अंतर भागिले तोंडाचा वेग" यापेक्षा जास्तच यायला हवा. ६०० भागिले ७९० म्हणजे ०.७६. तुमचं उत्तर ०.७६च्या खाली असेल तर कुठेतरी एकक चुकलंय.

६. वारा: इथे घाई नको

आधी शब्दांचा आकडा करा. भणाणणारं वारं म्हणजे किती? पानं आणि बारीक फांद्या सतत हलतात, हलका झेंडा पसरून फडकतो, लाटांवर कुठे कुठे फेसाचे तुरे दिसतात, अशी स्थिती बोफर्ट मापनाच्या ३ क्रमांकात बसते: ३.४ ते ५.४ मीटर प्रति सेकंद. फेस बऱ्याच ठिकाणी दिसायला लागला की ४. उताऱ्यात बोटीवरचे बावटे, माडाच्या झावळ्या, सुरूचं बन यांचं काही वर्णन असेल तर त्यावरून क्रमांक ठरवा. नसेल तर ५ मीटर धरा आणि तो उजव्या रकान्यात राहू द्या.

मग दिशा. खारे वारे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात, मतलई वारे रात्री उलट. नायक पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणजे खारं वारं त्याच्या तोंडावर येतं, आणि तोंडावरचा वारा गोळीला डावी-उजवीकडे ढकलत नाही. लेखकाला "समुद्रावरून येणारं वारं गोळी उडवून नेतं" असं लिहायची हौस असते. प्रत्यक्षात शुद्ध पश्चिमेचं वारं हे या नायकाला सोयीचं. अडचण अशी की उन्हाळ्यात दुपारनंतर किनाऱ्यावर वारा बहुधा वायव्येकडून येतो. गोळीच्या रेषेशी ४५ अंशांचा कोन झाला तर आडवा भाग ५ गुणिले ०.७, म्हणजे साडेतीन मीटर प्रति सेकंद. तो उजव्या हाताकडून येतो, म्हणून गोळी डावीकडे जाते.

आता नेहमीची घोडचूक. बहुतेक जण वाऱ्याचा वेग गुणिले प्रवासकाळ करतात: ३.५ गुणिले ०.९६, उत्तर ३.४ मीटर. म्हणजे गोळी वाऱ्यावर पिसासारखी वाहत गेली! गोळी वाऱ्याबरोबर वाहत नाही. हवेच्या रोधामुळे तिला जेवढा उशीर होतो, तेवढ्याच वेळाचा वारा तिला लागू पडतो. सूत्र असं:

आडवा वारा × (प्रवासकाळ − अंतर ÷ तोंडाचा वेग)

०.९६ वजा ०.७६ म्हणजे ०.२० सेकंद. गुणिले ३.५. उत्तर ७० सेंटीमीटर. जवळजवळ पाचपट फरक. मोठ्या कॅल्क्युलेटरचं उत्तरही याच्याच आसपास येतं, म्हणून हे सूत्र पडताळ्याला उत्तम.

यातून लक्षात ठेवायचा आकडा असा: आडव्या वाऱ्याच्या अंदाजात एक मीटर प्रति सेकंद चूक, तर ६०० मीटरवर २० सेंटीमीटर चूक. .३३८च्या जड, वेगवान गोळीला हाच आकडा बारा-तेरापर्यंत उतरतो. मोठ्या काडतुसाचा खरा फायदा हाच आहे. "ताकद" वगैरे नंतर.

सावधान: सड्याच्या टोकावर लागणारं वारं आणि पाण्यावरचं वारं एक नसतं. समुद्रावरून आलेली हवा कड्याला आपटून वर चढते. नायकाने गालावर वारा जोखला आणि तोच ६०० मीटरभर धरला, असं लिहिलेलं असेल तर आडव्या वाऱ्याची चूक निदान एक मीटर प्रति सेकंद धरा. त्याने ट्रॉलरवरचा बावटा आणि पाण्यावरच्या लहरी पाहिल्या असतील तर निम्मी धरायला माझी हरकत नाही.

७. लक्ष्य हलतंय का

ट्रॉलर ६ नॉटने चालला असता तर ०.९६ सेकंदात तीन मीटर पुढे गेला असता. आपला नांगरलेला आहे, म्हणून लेखकाला वाटतं तो स्थिर आहे. खाडीच्या तोंडाबाहेर काहीच स्थिर नसतं. बोट दोन्ही बाजूंना पाच-पाच अंश डोलते आणि एक डोल पाच सेकंदांचा आहे असं धरा. डोलण्याच्या मध्यापासून चार मीटर वरची डोलकाठी तेव्हा दोन्हीकडे ३५ सेंटीमीटर जाते. मधल्या क्षणी तिचा वेग सेकंदाला ४४ सेंटीमीटर, म्हणजे गोळी पोचेपर्यंत ती जवळजवळ तेवढीच सरकलेली असते. त्यात टांगलेली पेटी स्वतःच्या तालात झुलते ते वेगळंच.

जाणता नायक डोल टोकाला पोचण्याच्या बेतात घोडा दाबेल, कारण टोकाला वेग शून्य होतो. उताऱ्यात तसं काही नाही. तरी त्याला सवलत देऊन मी डोलण्यातली उरलेली चूक १० सेंटीमीटर धरतो.

८. पृथ्वीचं फिरणं वगैरे

हा टप्पा पटकन उरकायचा. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे ६०० मीटरवर पृथ्वीच्या फिरण्याने गोळी उजवीकडे सव्वा सेंटीमीटर जाते. पश्चिमेकडे मारताना तीन-चार सेंटीमीटर खाली पडते, हा थोडा मोठा भाग. गोळीच्या स्वतःच्या फिरकीमुळे, उजव्या पिळाच्या नळीतून, ती आठ-नऊ सेंटीमीटर उजवीकडे सरकते. म्हणजे ज्याचा कथेत गाजावाजा होतो ते सगळ्यात लहान, आणि फिरकीचं नाव कुणी घेत नाही. हे सगळं आधी माहीत असतं आणि चाकावर भरता येतं, त्यामुळे चुकांच्या बेरजेत धरू नका.

९. चुकांची बेरीज

इथवर आपण गोळी कुठे जायला हवी ते काढलं. आता ती कुठे कुठे जाऊ शकते ते काढू. माहीत असलेल्या गोष्टी नायकाने बिनचूक भरल्या असं समजा. उरतं ते त्याला माहीत नसलेलं.

आडव्या दिशेत: वारा २० सेंटीमीटर, डोल १० सेंटीमीटर आणि रायफलीचा स्वतःचा पसारा. रायफल "एक मिनिटाची" असेल तर तिचा पाच गोळ्यांचा गट ६०० मीटरवर १७.५ सेंटीमीटर रुंद पडतो. प्रमाण विचलन, म्हणजे पसाऱ्याचं ठरलेलं माप, काढायला त्याला तीनने भागा: पावणेसहा.

या तिन्हींची सरळ बेरीज ३६ होते, आणि इथे पुष्कळ जण नायकाला विनाकारण नापास करतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या चुका एकाच वेळी एकाच बाजूला जात नाहीत. त्यांचे वर्ग करून बेरीज घ्यायची आणि वर्गमूळ काढायचं: ४०० अधिक १०० अधिक ३३, वर्गमूळ २३ सेंटीमीटर.

आता लक्ष्य. दोर १२ मिलिमीटर जाड धरू. गोळीचा व्यास सुमारे ८ मिलिमीटर. दोराला नुसता स्पर्श व्हायचा तर गोळीचा मध्य २० मिलिमीटरच्या पट्ट्यात हवा, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे एकेक सेंटीमीटर. १ भागिले २३ हे तक्त्यात बघा: साडेतीन टक्क्यांच्या आत. दोर उभा आणि लांब आहे, त्यामुळे वर-खालची चूक इथे मोजायचीच नाही. हा फायदा नायकाला मिळतो आणि तपासणारे तो द्यायला विसरतात. तो देऊनही आकडा शंभरात तीन-साडेतीन. त्यातले निम्मे-अर्धे नुसते चाटून जाणार, आणि चाटलेला दोर भाराखाली तुटेलच याची खात्री नाही.

तुलनेसाठी त्याच ट्रॉलरच्या केबिनची काच घ्या, ६० सेंटीमीटर रुंद आणि ५० उंच. आडव्या दिशेत ऐंशी टक्के. उभ्या दिशेत अंतराच्या अंदाजात १५ मीटर चूक धरली तर १४ सेंटीमीटर, तोंडाच्या वेगातल्या फरकाचे ५, रायफलीचे पावणेसहा, बोट वर-खाली होण्याचे १०, वर्गमूळ १९. म्हणजे एक्याऐंशी टक्के. दोन्हींचा गुणाकार: शंभरात पासष्ट.

तोच माणूस, तीच रायफल, तोच वारा. काच पासष्ट, दोर तीन. विक्रमाच्या अंतरांवरून वाद घालणाऱ्यांना हा फरक कधीच दिसत नाही. अर्जुनाच्या पोपटाच्या गोष्टीतही वारा किती होता ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

पडताळा: वाऱ्याची चूक निम्मी करून पुन्हा हिशेब करा. निकाल "जवळजवळ अशक्य"वरून "सहज जमेल"वर उडी मारत असेल तर तुमचा निकाल नायकावर टेकलेला नाही, तुमच्या वाऱ्याच्या अंदाजावर टेकलेला आहे. तसं लिहून टाका. इथे दोर तीनवरून पाच-साडेपाचवर जातो. निकाल टिकतो.

१०. आवाजाचा क्रम

३३ अंशांना आवाज सेकंदाला ३५१ मीटर जातो. ६०० मीटरला १.७ सेकंद. गोळी ०.९६ सेकंदात पोचलेली असते. म्हणजे दोर आधी तुटतो आणि गोळी जवळून गेल्याचा सटका त्याच्या बरोबरच ऐकू येतो. रायफलीचा बार पाऊण सेकंदाने येतो. तांडेल आवाज ऐकून आधी वाकणं शक्य नाही. सायलेन्सर लावला तरी सटका राहतोच, तो गोळी हवेत निर्माण करते. ट्रॉलरचं इंजिन चालू असेल तर बार कुणाला ऐकूही येणार नाही. हा भाग लेखक फुकटात दुरुस्त करू शकतो: वाक्यांचा क्रम बदलायचा, बस.

११. निकाल लिहा, आणि प्रसंग वाचवता येतो का ते बघा

निकालात तीन गोष्टी हव्यात: टक्केवारी, ती कोणत्या गृहीतकांवर उभी आहे, आणि कोणता एक घटक बदलला तर ती सर्वांत जास्त हलते. "नायक फेकू आहे" हा निकाल नव्हे. आपल्या उताऱ्याचा निकाल असा: दोर पहिल्या गोळीत, शंभरात तीन-साडेतीन, ५ मीटर प्रति सेकंद वायव्येचा वारा, एक मिनिटाची रायफल आणि लेखकाने न सांगितलेली कसलेली वेळसाधना धरून, निकाल सर्वांत जास्त वाऱ्याच्या अंदाजावर अवलंबून.

लेखक ओळखीचा असेल तर दुरुस्तीही सुचवा. रायफल मोठी करा, हे सगळे सुचवतात. .३३८ दिली तरी बोटीचं डोलणं राहतंच, आकडा पाचच्या आसपास अडकतो. त्यापेक्षा ट्रॉलर खाडीच्या आत, धक्क्याला लावा आणि अंतर २०० मीटर करा. तिथे वाऱ्याची एक मीटरची चूक दोनच सेंटीमीटर होते, रायफलीचा पसारा दोन सेंटीमीटर, शांत पाण्यातला डोलही तेवढाच. एकूण साडेतीन, आणि दोर लागण्याची शक्यता शंभरात बावीस-तेवीस. तीन गोळ्या दिल्या तर एखादी तरी लागण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त. एक गोळी चुकली, दुसरी चाटून गेली, तिसरीला दोर तुटला, असं लिहिलं की प्रसंगही रंगतो.

वेळ पहाटेनंतरची घ्या, मतलई वारे पडलेले आणि खारे अजून सुटलेले नाहीत अशी. सूर्य नायकाच्या पाठीशी येतो. मग भरती जुळवायची राहते, कारण ओहोटीला मोठा ट्रॉलर खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या पट्ट्यातून आत यायला धजत नाही. तिथीची पाऊणपट करा, भरतीची ढोबळ वेळ मिळते: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती, तीही भांगाची, म्हणजे पाण्याला ओढ कमी आणि धक्क्याला लागलेली बोट बऱ्यापैकी स्थिर. लेखकाने पौर्णिमेचा चंद्र लिहून ठेवला असेल तर तो काढायला सांगा.